हरलेल्याची साक्ष

"तू जायचं नाहीस. नाहीस म्हणजे नाहीस!"

"दोंब्रा दे इकडे, वहिनी."

"तारा तोडून चुलीत घालीन, पण देणार नाही. अगं, नारिमबेतच्या समोर बसणार तू? त्याचं तोंड म्हणजे वाहती नदी. आणि तुझा गळा कसा? आजारी उंटीण कण्हावी तसा!"

"उंटीण कण्हली की आउलातला तंबू न् तंबू जागा होतो. दे."

"आणि हरलीस म्हणजे?"

"हरेन."

"हरेन म्हणे! तोंड वर करून सांगते आहे. हरलेल्याला पुढं काय करावं लागतं, विसरलीस? तो तुझ्या भावाला भर सभेत चोर म्हणणार. आणि मग तेच तू गात हिंडायचं, तुझ्या तोंडानं, ह्या आउलातून त्या आउलात. लोक कुमीस ढोसत ऐकणार आणि म्हणणार, पुन्हा म्हण गं पोरी, ते चोराचं कडवं पुन्हा म्हण!"

"म्हणेन."

"लाडके, डोकं फिरलंय तुझं."

"तुझं फिरत नाही, त्याचंच मला नवल वाटतं. नवरा कुणाचा होता?"

ह्यावर आईने दोंब्रा जमिनीवर आपटायला उचलला आणि मग आपटला नाही. तो माझ्या वडिलांचा होता.

हे भांडण झालं तेव्हा मी पाळण्यात होते. पण पुढे दोघींच्या तोंडून मी ते इतक्यांदा ऐकलं की पाळण्यातून मान वर काढून बघत होते असंच मला वाटतं. गंमत अशी, की सांगताना आई आत्याचा घोगरा आवाज काढायची आणि आत्या आईसारखा कमरेवर हात ठेवायची. "लाडके" हे आत्याचं नाव नव्हे. तिचं नाव रिस्ती. पण आमच्यात सुनेने सासरच्या कुणाचंच नाव उच्चारायचं नसतं, धाकट्या नणंदेचंसुद्धा नाही. म्हणून लग्न करून आली त्याच दिवशी आईने ह्या नणंदेला "लाडकी" करून टाकलं होतं. माझ्या वडिलांचं, दोसानचं नाव तर तिने घेतलंच नाही. ते असताना "हा", आणि गेल्यावर "तुझा भाऊ".

रिस्ती आत्या गाणारी म्हणून जन्मली नव्हती. नमदं लाटणारी बाई ती. लोकर झोडपायची, गरम पाणी शिंपायची, आणि बायकांच्या रांगेत बसून कोपरांनी नमद्याची गुंडाळी दाबत पुढंमागं करायची. तिच्या कोपरांना घट्टे होते, घोड्याच्या गुडघ्यासारखे. बोलणं कमी. हसली तरी फक्त नाकातून हवा सोडायची. आयुष्यात ती एकदाच आयतिसला बसली, त्यात हरली, आणि तेच गात म्हातारी झाली.

आयतिस म्हणजे काय, हे आमच्यात कुणी कुणाला शिकवत नाही. एकाने दुसऱ्याला मारलं तर ते मारणं. दोघांनी एकमेकांना मारलं की मारामारी. तसं, एकाने सांगितलं तर ते नुसतं सांगणं, आणि दोघांनी समोरासमोर बसून, दोंब्र्यावर, कडव्याला कडवं देत एकमेकांना सांगितलं की आयतिस. सांगासांग म्हणा. ह्या शब्दातच दोन माणसं बसलेली आहेत. एक उठला की दुसऱ्याच्या हातात काही राहत नाही.

हे आलं कुठून, ह्यावर मात्र आमच्या म्हाताऱ्यांची आयतिस कधी संपत नाही. कुणी म्हणतं, नवरी सासरी निघताना पोरं बाहेरून आणि पोरी तंबूतून गातात, त्यातून आलं. रिस्ती आत्या म्हणायची, "खोटं. ते मेंढ्यांच्या रोगातून आलं." कळपात साथ शिरली की तरणी पोरं संध्याकाळी आजारी मेंढीभोवती जमायची, एका बाजूला पोरगे, एका बाजूला पोरी, आणि आलटून पालटून रोगालाच गाऊन घालवायची. आत्या तिथेच शिकली. नुसत्या "निघ, निघ" ने रोग निघत नाही, हे तिने तिथे पाहिलं. शिव्या घातल्या की तो आणखी घट्ट बसतो. त्याला आमिष दाखवावं लागतं. इथं काय ठेवलंय, त्या डोंगरावर जा, तिथलं गवत गोड, त्या तळ्याकाठी जा, तिथल्या मेंढ्या लठ्ठ! मग तो स्वतःच्या पायांनी बाहेर येतो.

"रोग हावरा असतो," ती म्हणायची. "त्याची हाव ओळखायची. बस्स."

आता नारिमबेतची हाव काय होती, ते सांगते.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी नारिमबेतला आयतिसमध्ये हरवलं होतं. साधंसुधं नाही, असं हरवलं की नारिमबेत तोंड उघडून बसला आणि तोंडातून शब्द येईना. सारीसू नदीच्या दोन्ही काठांवर त्याच्यासारखा गाणारा नाही असं त्याचं त्यालाच वाटायचं. त्याचा चुलता परगण्याचा कारभारी, तेव्हा लोकांनाही तसं वाटून घ्यावं लागायचं. आता त्याला रिवाजाप्रमाणे ती सगळी आयतिस, स्वतःची फजिती धरून, आउलाआउलात जाऊन गावी लागणार होती. हरलेल्यानेच का? कारण जिंकलेल्याने सांगितलं तर ती बढाई. हरलेल्याने सांगितलं तर साक्ष. स्वतःची नाचक्की कोण खोटी गाईल? म्हणून हरलेल्याच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही, आणि त्याचं तोंडही कुणी धरत नाही. कारभारीसुद्धा नाही.

नारिमबेतला हे वाहायचं नव्हतं. सुटकेची वाट एकच होती. चोराचा शब्द आमच्यात वाहत नाहीत.

त्याच आठवड्यात आमच्या आउलात उतरलेल्या एका पाहुण्याचा घोडा नाहीसा झाला. तांबडा, कपाळावर चांद, परक्याचा हात लागला की चावणारा. दिवसाढवळ्या दुसऱ्या टोळीचे घोडे हाकून आणले तर आमच्यात मिशीला पीळ देतात. पण पाहुण्याचा घोडा! त्याने आपल्या दारी खोगीर उतरवलं म्हणजे तो घोडा आपल्या इमानावर बांधलेला. आणि त्या घोड्याचं कापलेलं डोकं सापडलं ते आमच्या हिवाळी घरामागच्या घळीत.

म्हाताऱ्यांनी पंचायत बसवली. आरोपीने स्वतः शपथ घ्यायची नसते. त्याच्यासाठी भाऊबंदांपैकी कुणी भल्या माणसाने घ्यायची असते. एक उठला असता तरी पुरे होतं. पण समोर कारभारी बसला होता, आणि आमचे सगळे भले लोक आपापल्या बुटांकडे बघत बसले. कुणी उठलं नाही. आत्या उठली, तर म्हणाले, बाईची शपथ चालत नाही, बस खाली.

मग माझ्या वडिलांच्या तोंडाला काजळी फासली, गळ्यात काळ्या नमद्याचा पट्टा बांधला आणि त्यांना काळ्या गाईवर उलटं बसवून तीन आउलांतून फिरवलं. गाईमागून नारिमबेत हसत हसत घोड्यावरून चालला होता. चोराकडून हरणं म्हणजे हरणंच नव्हे, त्याचं ओझं उतरलं होतं.

वडील परत आले ते गायचे थांबले. मग जेवायचे थांबले. बर्फ पडायच्या आत गेले. आत्याची सोयरीक मोडली, चोराच्या घरची मुलगी नको म्हणून. तिने त्याचं एक अक्षर काढलं नाही. वडिलांच्या गळ्यातला काळा पट्टा तेवढा तिने धुतला, वाळवला आणि आपल्या उशीखाली ठेवला. आई म्हणाली, "जाळ ते!" आत्या म्हणाली, "लागेल."

पुढच्या उन्हाळ्यात नदीपलीकडे एका श्रीमंत म्हाताऱ्याच्या वर्षश्राद्धाचं मोठं जेवण निघालं. घोड्यांच्या शर्यती, कुस्त्या, आणि आयतिस. नारिमबेत येणार हे ठरलेलंच. त्याच्यासमोर बसायला कुणी तयार नाही, म्हणून यजमान चिंतेत. आत्याने निरोप धाडला, मी बसते. तिथूनच ते सकाळचं भांडण पेटलं होतं.

शेवटी आईने दोंब्रा दिला. दिला म्हणजे फेकला.

"जा. मर. पण मी पण येणार. एकटी पोरगी आयतिसला बसली तर लोक काय म्हणतील? वहिनी बाजूला लागते."

"तुझ्याशिवाय कुणाला नेणार होते मी?"

"आणि हा काळा पट्टा कशाला घेतेस बरोबर?"

"बसायला."

मोठा पांढरा तंबू होता. वरचं छत उघडून ऊन आत घेतलेलं, आणि लोक एकमेकांच्या मांडीवर बसावेत इतके. पंच म्हणून येरेजेप आजोबा. हे तेच, वडिलांच्या पंचायतीत बुटांकडे बघत बसलेले. आत्याने सगळ्यांदेखत तो काळा पट्टा नमद्यावर अंथरला आणि त्यावर मांडी घातली. येरेजेप आजोबांनी तो ओळखला. त्यांनी पेला खाली ठेवला.

नारिमबेत रेशमी अंगरखा घालून आला. बसला, आईकडे बघून हसला आणि आत्याकडे मान उडवली.

"ही कोण? नमदं लाटणारी ना? काय गं, मला लाटायला आलीस की काय?"

"आधी भिजवते," आत्या म्हणाली. "लाटायचं नंतर."

तंबू हसला. नारिमबेतला लोक दुसऱ्याच्या बोलण्यावर हसलेले खपत नसत. त्याने लगेच तारा छेडल्या.

सारीसूच्या काठी आज धूळ का गं उडाली?
चोराघरची पोर कशी सभेमध्ये बसली?
भाऊ तुझा उलटा बसून गाईवरून गेला,
शेपूट धरून मागं मागं तू का नाही धावली?

लोक एकदम ओरडले. आईने आत्याच्या दंडाला चिमटा काढला, "दे, तोंडावर दे! म्हण, माझा भाऊ चोर नव्हता!" सगळ्यांना हेच अपेक्षित होतं. आत्याने दोंब्रा छातीशी धरला आणि त्या घोगऱ्या आवाजात, घाई न करता म्हणाली:

चोर म्हणा, थोर म्हणा, भाऊ माझा वाघ!
परका हात लागला की घोडा ओके आग,
असा घोडा गपचूप जो दावणीतून नेतो,
त्याच्यापुढं नारिमबेता, मेंढ्यांमागं लाग!

आई सांगायची, "माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. बया कबूलच करून बसली! मला वाटलं आता इथंच तिच्या झिंज्या धराव्यात." लोक मात्र पुढे सरकले. मागच्या रांगेतून एक घोडेवाला म्हणाला, "हे खरं हं. तो घोडा मी बघितला होता. माझं बोट जवळजवळ घेतलं होतं त्यानं. ज्यानं नेला तो इमानाचा नसेल, पण स्वार पक्का!"

"दोसान पक्काच होता," दुसरा कुणी म्हणाला.

नारिमबेतच्या नाकपुड्या हलल्या. त्याने एक कडवं दिलं, आत्याच्या कोपरांवर, तिच्या मोडलेल्या सोयरिकीवर. कडवं चांगलं होतं, पण लोक अजून घोड्यावरच अडकले होते. आत्याने स्वतःवरच्या टोमण्याला हातसुद्धा लावला नाही.

कुत्री नाही भुंकली, खूर नाही वाजले,
दोसान माझा असा स्वार, तारेसुद्धा लाजले!
तू तर बाबा लग्नामध्ये उंटावरनं पडला,
बायकांनी उचलून तुला तेव्हा ताक पाजले!

तंबू फुटायचा बाकी राहिला. कारण ते उंटाचं खरं होतं, आणि तिथल्या तीन बायकांनी त्या पाजण्यात हात घातलेला होता. एकीने तर उठून वाटी कशी धरली होती तेही दाखवलं. "ताक! ताक!" पोरं ओरडायला लागली. कुणीतरी हळहळत म्हणालं, "दोसान तो दोसान. आता असे स्वार कुठं?" आणि म्हातारे माना डोलवायला लागले. मेलेला, काजळी फासलेला, गाईवर उलटा बसवलेला माझा बाप त्या तंबूत हां हां म्हणता सारीसूचा सगळ्यात मोठा स्वार झाला होता.

नारिमबेत हे कसं सोसणार? गेल्या उन्हाळ्यात दोसानने त्याचं गाणं खाल्लं होतं. आता मेल्यावर त्याची स्वारीही खाणार? कौतुक नारिमबेतचं होतं ते, त्याच्या हातचं काम होतं, आणि ते भलत्याच्या नावावर वाटलं जात होतं! एवढी शिताफी करून ती कुणाला सांगता येऊ नये, ह्याने तो आतल्या आत किती दिवस जळत असेल, कुणाला ठाऊक. आणि आयतिसमध्ये विचाराला जागा कुठे? तारा थांबायच्या आत उत्तर जायला हवं. थांबलास की हरलास. लोक "ताक! ताक!" करताहेत, समोर ही नमदेवाली नाकातून हवा सोडते आहे. त्याने डोळे मिटले, गळा ताणला, आणि काय सुंदर आवाज होता त्याचा, आईही कबूल करायची:

मीठ चाटून माझ्या हातचं घोडा तेव्हा बाटला,
खुरांभोवती नमदं माझं, कोकरागत वाटला!
दोसान? त्याला स्वप्नामध्ये साधलं नसतं असलं.
स्वार तो मी! आता सांग, गळा का गं दाटला?

शेवटची तार वाजली आणि थांबली.

कुणी ओरडलं नाही. नारिमबेतने डोळे उघडले ते हसतच. शांतता झाली म्हणजे कडवं बसलं, एवढंच त्याला इतक्या वर्षांत माहीत होतं. मग त्याने समोरच्या माणसाकडे पाहिलं, त्याच्या शेजारच्याकडे पाहिलं, आणि हसू चेहऱ्यावर तसंच विसरून गेलं.

"दोसान!" असं मोठ्यानं कुणीतरी म्हणालं. माझी आई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा, सासरच्या शंभर माणसांसमोर, नवऱ्याचं नाव घेऊन. "दोसान, ऐकलंस?"

कुणी तिला गप्प केलं नाही.

"गाणं आहे," नारिमबेत म्हणाला. "अहो, गाणं आहे. आयतिसमध्ये माणूस काहीही म्हणतो. यमक जुळवायला म्हणतो. काय आजोबा?"

येरेजेप आजोबा त्याच्याकडे बघत नव्हते. "रिस्ती," ते म्हणाले, "उत्तर दे, पोरी."

आत्याने तारांवर तळवा ठेवला.

"बोल ना मेले!" आई तिच्या कानात म्हणाली. "आत्ता तर बोल! आता तर फाडून खा त्याला!"

आत्याने दोंब्रा उलटा केला. तारा मांडीकडे. आणि मग आईला कळलं. सकाळचं "हरेन" कळलं, "म्हणेन" कळलं. ती सांगायची, "ही पोरगी वर्षभर ह्या हरण्याची तयारी करत होती." कारण आत्याने उत्तर दिलं असतं तर आयतिस पुढे चालली असती, नारिमबेतने सावरून घेतलं असतं, संध्याकाळपर्यंत त्या कडव्यावर आणखी वीस कडवी चढली असती, आणि उद्या कारभाऱ्याने सगळ्यांना सांगितलं असतं, तुम्ही ऐकलं ते तुम्ही ऐकलं नाही. लोकांनी पुन्हा बुटांकडे पाहिलं असतं. पण हरलेल्याचं तोंड कोण धरणार?

"उत्तर नाही?" आजोबांनी विचारलं.

आत्याने मान हलवली.

"मग रिवाजाप्रमाणे," आजोबा म्हणाले, "मग रिस्ती हरली. नारिमबेत जिंकला. हरलेल्याने ही आयतिस शब्दाला शब्द, काही न गाळता, काही न घालता, जिथं विचारतील तिथं गायची. आणि जो तिला अडवेल, त्याला ह्या नदीचं पाणी परकं."

"थांबा!" नारिमबेत उभा राहिला. "मला मान्य नाही. ती हरलेली नाही. तिच्याजवळ उत्तर आहे, तिच्या तोंडावर दिसतंय!"

"जिंकलास ना रे?" मागचा घोडेवाला म्हणाला. "मग रडतोस कशाला?"

"आजोबा, मी हरलो. लिहून घ्या. मी हरलो! मी हिंडतो, मी गातो."

"तुझं उत्तर शेवटचं आहे," आजोबा म्हणाले. "आणि गेल्या वर्षी हिंडायचं होतं तेव्हा तू हिंडला नाहीस."

आत्या उठली. अंगरख्याचा घोळ सारखा केला, दोंब्रा काखेत घेतला. खाली अंथरलेला काळा पट्टा तिने उचलला नाही. पायाच्या बोटाने फक्त थोडा पुढे सरकवला, नारिमबेतच्या रेशमी अंगरख्याच्या कडेपर्यंत. लोकांनी मध्ये वाट केली.

"ए रिस्ती! रिस्तीबाई! अगं, एक कडवं. कसंही दे. शिव्या दे मला! अगं बाई, पाया पडतो, एवढं उत्तर देऊन जा!"

तिने दाराचं नमदं वर केलं, वाकली आणि बाहेर गेली.